तेल की सिलिकॉन? मॅडम वॉकर यांच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर

केस राठ झालेत, विंचरले की आणखीनच पिंजारतात, पावसाळ्यात तर आवरतच नाहीत. मग खोबरेल लावू की ते सिलिकॉनवालं सीरम आणू? मार्केट यार्डजवळच्या दवाखान्यात हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कशासाठी आलेली मुलगी जाता जाता विचारते, आणि तिच्यासोबत आलेली आई किंवा आजी लगेच सांगते की तेल सोडलं म्हणूनच हे झालं. भुसार बाजारातून तेलाचे डबे भरणाऱ्या आपल्या भागात तेलाची बाजू घेणाऱ्यांची कमतरता नाही. मुलीच्या मोबाइलवर मात्र सिलिकॉन वाईट, सिलिकॉन चांगलं, असे दोन्ही प्रकारचे व्हिडिओ असतात.

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं, पण ते लक्षात राहत नाही. म्हणून ते मी एका बाईच्या आयुष्यातून सांगते. केसांच्या काळजीचा विषय निघाला की जगभर या बाईंचं नाव घेतलं जातं. त्या म्हणजे अमेरिकेतल्या मॅडम सी. जे. वॉकर. कुरळे, राठ आणि गळणारे केस हा त्यांचा स्वतःचा त्रास होता. त्यावरच त्यांनी मोठा उद्योग उभा केला आणि हजारो बायकांना रोजगार दिला. आणि वयाच्या ५१ व्या वर्षी, केसांशी काहीही संबंध नसलेल्या आजाराने त्या गेल्या. तो आजार आज तुमच्या-माझ्या घरातही असू शकतो, म्हणून लेख शेवटपर्यंत वाचा.

कपडे धुणारी सारा

त्यांचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या डेल्टा या गावी. आई-वडील कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर त्या घरात जन्मलेलं हे पहिलं मूल. पण कायदा बदलला तरी गरिबी गेली नव्हती. सारा सात वर्षांची होईपर्यंत आई आणि वडील दोघंही वारले. ती थोरल्या बहिणीच्या आणि मेव्हण्याच्या आश्रयाला गेली आणि लहान वयातच लोकांकडे घरकाम करू लागली. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, सतराव्या वर्षी मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी ती विधवा झाली.

लहान मुलीला, लीलियाला, घेऊन ती सेंट लुईस शहरात आली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचं काम करत. साराला काम मिळालं ते लोकांचे कपडे धुण्याचं. उकळत्या पाण्याचे हंडे, कॉस्टिकसारखा तीव्र साबण, दिवसभराची वाफ आणि मजुरी दिवसाला साधारण दीड डॉलर. त्यातून पैसे वाचवून तिने मुलीला शिकवलं, पुढे कॉलेजातही पाठवलं. स्वतःही रात्रीच्या शाळेत जाऊन बसली.

मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या, पालेभाजीच्या जुड्या बांधणाऱ्या, मिरचीच्या धुळीत काम करणाऱ्या बायका मी रोज पाहते. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, आत घाम, वर धूळ, आणि घरी गेल्यावर न्हाणीत पाणी येईलच याची खात्री नाही. साराचे दिवस कसे जात असतील, याची कल्पना तुम्हाला त्यावरून येईल.

केस का गळले?

तिशीच्या आसपास साराचे केस गळायला लागले. डोक्यावर मोकळे चट्टे दिसू लागले. ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती, तिच्या वस्तीतल्या अनेक बायकांची होती. त्या काळात गरिबांच्या घरात नळ नव्हते. हिवाळ्यात तर केस कित्येक दिवस, कधी महिनाभरही धुतले जात नसत. धुतले तर तीव्र साबणाने. त्यात अपुरं अन्न, सततचा ताण आणि कोंडा.

आज अशी रुग्ण समोर आली तर डॉक्टर म्हणून मी काय पाहीन? आधी तिच्या डोक्याची त्वचा. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो, तो मेलेला असतो. त्यात रक्त नाही, नस नाही, म्हणूनच कापताना दुखत नाही. केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत, काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तो तिथूनच. त्या मुळाला अन्न मिळतं रक्तातून, वरून लावलेल्या तेलातून नाही.

म्हणून केस गळण्याची कारणं बहुतेक वेळा आत असतात. आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर दिसते. थायरॉइड, पीसीओएस, अचानक केलेलं कडक डाएट हीही कारणं आहेत. बाळंतपण, टायफॉइड, डेंगी यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने येतात. ते बहुधा आपोआप थांबतं, आणि त्या वेळी लावत असलेल्या तेलाला फुकटचं श्रेय मिळतं. दिवसाला ५० ते १०० केस जाणं तर निरोगी माणसातही चालतंच.

दुसरी गोष्ट कोंड्याची. कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, असं बहुतेकांना वाटतं आणि मग भरपूर तेल थापलं जातं. प्रत्यक्षात कोंड्यामागे बहुधा मॅलेसेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि स्निग्ध पदार्थांवर पोसते. कोंडा असलेल्या डोक्यावर रोज तेल चोळणं म्हणजे तिला आयतं जेवण वाढणं. तेल लावल्यावर खपल्या चिकटून बसतात, त्या दिसत नाहीत, आणि कोंडा कमी झाल्याचा भास होतो.

डबीत काय होतं?

साराने बरेच उपाय करून पाहिले. १९०४ च्या सुमारास ती ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची उत्पादनं विकू लागली. केसांची उत्पादनं घरोघरी जाऊन विकण्याचा धंदा ॲनीबाईंनी आधीच सुरू केला होता. १९०५ मध्ये सारा डेन्व्हर शहरात गेली. तिथे एका औषधविक्रेत्याच्या घरी स्वयंपाकाचं काम करता करता तिने स्वतःचं मलम तयार केलं. पुढच्याच वर्षी तिने वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचं काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं आणि मलमाच्या डबीवर नाव आलं मॅडम सी. जे. वॉकर.

मलमाची कृती स्वप्नात मिळाली, असं त्या लोकांना सांगत. तशी गोष्ट सांगितली की माल खपतो, हे त्यांना माहीत होतं. डबीत मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक होतं. दोन्ही पदार्थ त्या काळच्या औषधदुकानात मिळणारेच. गंधक बुरशीवर थोडंफार काम करतं आणि खपल्या सैल करतं. आजही काही कोंड्याच्या शाम्पूत ते सापडतं. पेट्रोलियम जेलीमुळे कोरडी त्वचा मऊ राहते.

पण माझ्या मते त्या डबीपेक्षा त्यांच्या सूचना जास्त मोलाच्या होत्या. डोकं वरचेवर धुवा, त्वचा स्वच्छ ठेवा, हलक्या हाताने मालीश करा, केस विंचरा. जिथे केस महिनाभर धुतले जात नव्हते, तिथे एवढ्यानेच बऱ्याच जणींचे केस परत आले असतील. श्रेय मलमाला मिळालं, पण काम त्वचेच्या स्वच्छतेनेही केलं होतं. आजही केसांच्या कुठल्याही महागड्या बाटलीकडे पाहताना हे लक्षात ठेवा.

कुरळे केस पिंजारतात कशाने?

वॉकरबाईंच्या गिऱ्हाइकांचे केस दाट कुरळे होते. आपल्याकडे सरळ, लाटेदार आणि कुरळे असे सगळेच प्रकार दिसतात. सरळ केस आडवा कापून पाहिला तर बऱ्यापैकी गोल दिसतो, कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो. डोक्याच्या त्वचेतून जो तेलकट स्राव निघतो, तो सरळ केसावरून टोकापर्यंत सहज घरंगळतो. कुरळ्या केसाच्या वळणावळणातून तो पोहोचत नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी राठ, अशी तक्रार असते.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. ते नीट बसलेले असले की केस चमकतो आणि एकमेकांवरून घसरतो. ब्लीच, रंग, इस्त्री, कडक ऊन आणि जोराने विंचरणं यांमुळे ते उचलले जातात आणि त्यांच्यावरचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो. मग हवेतली वाफ आत शिरते, केस फुगतो, प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो. पुण्यात जून ते सप्टेंबर केस का आवरत नाहीत, ते आता लक्षात आलं असेल. केस आजारी नसतो, फक्त त्याचं वरचं कौल विस्कटलेलं असतं.

तेलाचं काम वेगळं, सिलिकॉनचं वेगळं

मॅडम वॉकर डेन्व्हरमध्ये मलम घोटत होत्या, त्याच सुमारास इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक सिलिकॉन या मूलद्रव्याची कार्बनशी जुळलेली संयुगं तयार करत होते. वाळूत जे मूलद्रव्य असतं तेच हे. प्रयोगाच्या भांड्यात उरणाऱ्या चिकट पदार्थांचा पुढे फारसा उपयोग होईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या पदार्थांचे कारखाने निघाले आणि नंतर ते केसांच्या बाटलीतही आले. वॉकरबाईंनी सिलिकॉन कधी वापरलं नाही. ते त्यांच्या हाती असतं तर त्यांनी ते नक्की वापरून पाहिलं असतं, असं मला वाटतं.

सिलिकॉन केसाच्या आत शिरत नाही. ते बाहेरून अतिशय पातळ पडदा चढवतं. उचललेले पापुद्रे त्या पडद्याखाली दबतात, केस एकमेकांवरून घसरतात, विंचरताना कमी तुटतात आणि दमट हवेत कमी फुगतात. बाटलीवर डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन असं नाव असेल तर ते सिलिकॉन आहे. त्याने केस गळतात, ते मुळाशी जाऊन मूळ बंद करतं किंवा रक्तात जातं, असं मानायला आधार नाही. थर साचल्यासारखा वाटून केस चपटे आणि जड झाले, तर साध्या शाम्पूने एक-दोनदा नीट धुतलं की पुरतं. एक आक्षेप मात्र रास्त आहे, तो पर्यावरणाचा. सहज उडून जाणारी काही सिलिकॉन निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांमधल्या अशा दोन सिलिकॉनवर कडक मर्यादा घातली आहे.

आता तेल. सगळी तेलं सारखी नसतात. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसातून प्रथिनं झिजून जातात. ही झीज तिघांपैकी फक्त खोबरेलाने स्पष्टपणे कमी झाली. खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायचा. तरी त्यामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. आत गेलेल्या तेलामुळे केस धुताना पाणी कमी शोषतो आणि कमी फुगतो.

म्हणजे तुमच्या आईचं आणि तुमच्या मोबाइलचं भांडण मिटवायला हरकत नाही. खोबरेल हे धुण्याआधीचं काम करतं, सिलिकॉन धुतल्यानंतरचं. वापर साधारण असा करा:

• डोकं धुण्याआधी अर्धा तास ते रात्रभर, एक-दोन चमचे खोबरेल केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा. कोंडा असेल तर मुळाशी चोळू नका.

• शाम्पू डोक्याच्या त्वचेला लावा, कंडिशनर फक्त लांबीला.

• ओल्या केसांत मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर फिरवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका.

• केस थोडे ओले असताना सिलिकॉनच्या सीरमचे दोन-तीन थेंब टोकांना लावा. ते नको असेल तर हातावर चोळलेला खोबरेलाचा एखादा थेंबही चालेल, फक्त दमट हवेत त्याचा परिणाम कमी टिकतो.

• कपाळावर, केसांच्या रेषेलगत पुटकुळ्या येत असतील तर तेल कमी करा.

यातल्या कुठल्याही गोष्टीने नवीन केस उगवत नाहीत. जे आहेत ते कमी तुटतात, एवढंच. पण ते एवढंच म्हणजे कमी नाही.

गरम कंगवा आणि आजचं स्मूदनिंग

मॅडम वॉकर यांचा धंदा झपाट्याने वाढला. १९०८ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी बायकांना केसांचं काम शिकवणारी शाळा काढली आणि तिला मुलीचं नाव दिलं. १९१० मध्ये त्या इंडियानापोलिसला आल्या, तिथे कारखाना उभा केला. त्यांच्या एजंट बायका गावोगाव डब्या घेऊन जात. मोलकरीण म्हणून जेवढं मिळे त्याच्या कितीतरी पट त्या कमवू लागल्या. १९१२ मध्ये कृष्णवर्णीय उद्योजकांच्या परिषदेत अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलण्याची संधी दिली नाही, तेव्हा त्या सभेत स्वतः उठून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. धोब्याच्या टबापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी सगळ्यांना ऐकवला. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत त्यांना मानाने बोलावलं गेलं.

त्यांच्या पद्धतीत तापवलेला लोखंडी कंगवाही होता. त्याचा शोध त्यांनी लावलेला नाही, तो आधीपासून होता, पण त्यांच्यामुळे तो घरोघरी पोहोचला. गोऱ्या लोकांसारखे केस करायला शिकवता, असा आरोप तेव्हाही त्यांच्यावर झाला. त्यांना तो आवडत नसे. आपण केस सरळ करण्याचा नाही, डोक्याच्या त्वचेच्या आरोग्याचा व्यवसाय करतो, असा त्यांचा आग्रह होता. बाजाराने मात्र सरळ केसांचाच अर्थ उचलला.

या गरम कंगव्याची पुढची गोष्ट डॉक्टरांना माहीत असते. १९६० च्या दशकात डोक्याच्या मध्यभागी कायमचं टक्कल पडलेल्या कृष्णवर्णीय बायकांचं वर्णन वैद्यकीय साहित्यात आलं, आणि कंगव्याला लावलेलं गरम तेल मुळांपर्यंत झिरपत असावं असा संशय घेतला गेला. पुढे या आजाराची इतर, अगदी आनुवंशिक कारणंही सापडली. तरी तेल लावलेल्या केसांवर इस्त्री फिरवू नये, हा सल्ला कायम आहे. फार घट्ट बांधलेल्या वेण्या आणि पोनीटेलमुळेही कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. शाळेसाठी मुलीच्या वेण्या घालताना तिचं डोकं दुखत असेल, तर वेणी सैल करा.

आज गरम कंगव्याची जागा केराटिन आणि स्मूदनिंगने घेतली आहे. लग्नाच्या आधी हजारो रुपये देऊन केस सरळ केले जातात. त्यातल्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो डोळ्यांना, घशाला झोंबतो आणि दीर्घकाळ संपर्क आल्यास कर्करोगाला कारण ठरू शकतो. म्हणून फॉर्मल्डिहाइडमुक्त अशी पाटी असलेली उत्पादनं आली. त्यातल्या अनेकांमध्ये ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. हे नाव नीट लक्षात ठेवा.

२०२३ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर किडनी अचानक बिघडलेल्या २६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद मांडली. तिची किडनी तीन वेळा बिघडली होती, आणि तिन्ही वेळा त्याआधी सलूनमध्ये केस सरळ केले होते. हे ॲसिड डोक्याच्या त्वचेतून शरीरात जातं, तिथे त्याचं ऑक्झॅलेट तयार होतं आणि त्याचे स्फटिक किडनीत अडकतात, असं दिसून आलं. असं प्रत्येकीला होत नाही, आणि नोंदवलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची किडनी पुन्हा सावरली. पण अशा उपचारानंतर काही तासांत किंवा दिवसांत उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं, तर पित्त म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांकडे जा, केसांचा उपचार केल्याचं सांगा आणि क्रिएटिनिनची तपासणी करा. ज्यांना आधीच किडनीचा आजार आहे त्यांनी, आणि गरोदर बायकांनी, हा उपचार टाळावा.

तेल आणि सिलिकॉन दोन्ही केसाच्या मेलेल्या भागावर काम करतात. त्यातलं कुठलंही निवडलं तरी फार मोठं नुकसान होत नाही. धोका तिथे सुरू होतो, जिथे रसायन जिवंत त्वचेतून आत जातं.

आणि स्वतःची किडनी?

मॅडम वॉकर यांनी मिळवलेला पैसा सढळ हाताने वाटला. कृष्णवर्णीय तरुणांसाठी इंडियानापोलिसमध्ये वाय.एम.सी.ए.ची इमारत व्हावी म्हणून १,००० डॉलर दिले. १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांच्या एजंट बायकांचं अधिवेशन झालं, त्यात दोनशेहून अधिक जणी आल्या. जास्त विक्री करणाऱ्यांबरोबरच समाजासाठी जास्त दान करणाऱ्यांनाही बक्षीस होतं. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांवरच्या हिंसाचाराविरुद्ध निवेदन घेऊन त्या इतरांबरोबर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेल्या. राष्ट्राध्यक्ष भेटले नाहीत. झुंडीने केल्या जाणाऱ्या हत्यांविरुद्धच्या मोहिमेला पुढे त्यांनी ५,००० डॉलर दिले. १९१८ मध्ये न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठी त्यांचा मोठा बंगला बांधून झाला. आराखडा एका कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केला होता.

या सगळ्या धावपळीत त्यांचं ब्लड प्रेशर वाढलेलं होतं आणि किडनी निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं. मधूनमधून त्या विश्रांतीला जातही, पण पुन्हा दौरे, पुन्हा भाषणं, पुन्हा नवं उत्पादन सुरू होई. १९१९ च्या वसंतात सेंट लुईसच्या दौऱ्यात त्या फार आजारी पडल्या. त्यांना घरी आणलं गेलं. २५ मे १९१९ रोजी त्या वारल्या. उच्च रक्तदाबाने झालेला किडनीचा आजार हे कारण. नव्या घरात त्यांना वर्षभरही धड राहता आलं नाही.

दोष त्यांना देऊ नका. मनगटाचा किंवा दंडाचा दाब मोजायचं यंत्र तेव्हा नवीनच होतं आणि दाब खाली आणणारी परिणामकारक गोळी नव्हती. ती १९५० च्या दशकात मिळू लागली. कितीही श्रीमंत असलं तरी डॉक्टरांकडून मिळायचं काय, तर विश्रांती आणि पथ्य.

तुमची परिस्थिती तशी नाही. ब्लड प्रेशर मोजायला दोन मिनिटं लागतात. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात ते फुकट मोजून मिळतं, गोळ्याही मिळतात. तरीही पन्नाशीच्या कितीतरी बायका माझ्यासमोर पहिल्यांदा दाब मोजतात तो मुलीच्या केसांच्या तक्रारीसाठी सोबत आल्यावर, आणि आकडा १६० च्या वर निघतो. डोकं दुखत नाही म्हणजे प्रेशर नाही, असं त्यांना वाटत असतं. वाढलेला दाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही आणि किडनीची चाळणी हळूहळू खराब करत राहतो. पायाला सूज, लघवीला फेस ही लक्षणं बरीच उशिरा येतात.

तेव्हा हा लेख तुम्ही केसांसाठी उघडला असला, तरी यादी अशी करा:

• वय तिशीच्या पुढे असेल तर वर्षातून एकदा तरी ब्लड प्रेशर मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी दोनदा आला तर उपचार लागतात.

• ब्लड प्रेशर किंवा मधुमेह असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासा.

• बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

• लोणचं, पापड, फरसाण कमी करा. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून रोज घेऊ नका, ती किडनीवर येते.

• केस चट्ट्यांनी जात असतील, डोक्याची त्वचा लाल, पू झालेली किंवा गुळगुळीत चमकदार दिसत असेल, किंवा केसांबरोबर थकवा, पाळीच्या तक्रारी, वजनातला बदल असेल, तर तेल बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आईने मुलीच्या केसांना खोबरेल लावावं, मुलीने वरून सीरम लावावं, त्यात माझी काहीच हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी मुलीच्या केसांसाठी दवाखान्यात याल, तेव्हा आईनेही दंड पुढे करावा.